रेडिओवर माझी मुलाखत, उघडा राहिलेला माइक आणि येळ्ळूरचे मामा

शहापूरचा_जुना

मंडळी, गेले आठ दिवस मी खडे बाजारातून जायचं सोडून मागच्या बोळाने घरी येतोय. इथल्या सभासदांपैकी जे बेळगावात आहेत त्यातल्या तिघांनी हा प्रकार आधीच ऐकलाय. एकाने व्हॉट्सॲपवर फिरवलायही. तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावायच्या आत मीच सांगून टाकतो.

गेल्या वर्षी माझा कथासंग्रह निघाला. अकरा कथा, १२४ पानं, ५०० प्रती. (निम्म्या अजून पलंगाखाली आहेत. ओल लागू नये म्हणून खाली प्लॅस्टिक घातलंय, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे.) त्यावर बोलायला इथल्या एका लहानशा एफएम केंद्राने बोलावलं. नाव लिहीत नाही, कारण बिचाऱ्यांचा दोष निम्माच आहे. सकाळी अकरा ते साडेअकरा, थेट प्रसारण, मध्ये एक अभंग, शेवटी श्रोत्यांचे फोन.

माइकची मला भीती नव्हती. कडोली, उचगाव, येळ्ळूर, आमच्याकडे गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे कथाकथन केलंय. पण तो माइक वेगळा. समोर मांडवभर माणसं, कडेला शेंगा फोडणारी पोरं, लाईट गेली तर आवाज चढवायचा आणि पुढे चालू. रेडिओच्या खोलीत समोर माणूसच नाही. एकामागे एक दोन दारं, भिंतीला भोकाभोकाच्या फळ्या, आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो. कानावर हेडफोन चढवला आणि त्यात स्वतःचा आवाज आला. छत्तीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे हा आवाज घेऊन बसलो होतो, आणि कुणीच काही बोललं नाही?

निवेदिका चुणचुणीत पोरगी होती. पुस्तकाचं मलपृष्ठ तिने नक्की वाचलं होतं. पहिला प्रश्न, "सर, लेखनाकडे कसे वळलात?"

आणि माझ्या अंगात कोण शिरलं देव जाणे. मी म्हणालो, "साहित्य हे माझ्याकरिता आत्मशोधाचे माध्यम आहे."

आत्मशोध! हा शब्द मी जन्मात तोंडातून काढला नव्हता. पुढची दहा मिनिटं तेच. 'सामाजिक जाणिवा', 'मातीशी नाळ', 'सीमाभागातील सर्जनशीलतेचा आविष्कार'. घरी बायको रेडिओ लावून बसली होती. ती नंतर म्हणाली, "कोण बोलालंय कळंना, मी तीनदा स्टेशन तपासून बघितलं."

मग विचारलं गेलं, "तुमच्या कंजूष काकांच्या कथेतलं पात्र खऱ्या आयुष्यातलं आहे का?" मी गंभीरपणे उत्तर दिलं, "नाही. माझी सर्व पात्रे पूर्णतः काल्पनिक आहेत."

अभंग लागला. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, मीही ठेवला. ती पाण्याचा घोट घेत हसत म्हणाली, "सर, खरंच काल्पनिक?"

"कसलं काल्पनिक वो ताई! आमचा मामाच हाय तो, येळ्ळूरचा. एक नंबरचा चिक्कू माणूस. आगपेटीतली काडी ब्लेडनं उभी चिरून दोन करतोय. पेटीत पन्नास काड्या असतील तर त्याच्या शंभर हुतात. येळ्ळूरची बस स्टँडावर धरत न्हाई, वडगावापर्यंत चालत जातो आणि तिथनं चढतो, का तर तेवढं तिकीट वाचतंय. च्याचा चोथा माडीवर वाळत घालतो, कावळ्यानं नेला तर कावळ्याला शिव्या."

ती हसून हसून खुर्चीवरून खाली यायची बाकी होती. मला चेव आला. "कथा वाचली तर मारंल की वो मला! पण वाचतोय कशाला, पुस्तकाला पैसे पडतात. आणि रेडिओ? रेडिओला सेल लागतात!"

काचेपलीकडे एक मुलगा उभा होता. तो दोन्ही हात हलवत होता. मला वाटलं ओळखीचा आहे, बँकेत आला असेल कधी. मीही हात हलवला.

तो दार ढकलून आत आला तेव्हा माझा माइक अडीच मिनिटं उघडा होता. वर अभंग चालला होता आणि खाली मी. लोकांनी ऐकलं ते असं: विठ्ठल, विठ्ठल, एक नंबरचा चिक्कू माणूस, विठ्ठल.

अभंग संपला आणि फोन सुरू झाले. पहिलाच फोन.

"नमस्कार, कोण बोलताय?"

"येळ्ळूरहून. मामा बोलतोय."

"कुणाचे मामा?"

"त्याचाच."

माझ्या पायातलं बळ गेलं. त्यात फोनमधून माझाच आवाज कुईकुई करत परत यायला लागला. निवेदिका म्हणाली, "मामा, तुमच्या रेडिओचा आवाज जरा बारीक करा." मामा म्हणाले, "माझा न्हवं तो, शेजाऱ्याचा हाय. फोन पण त्याचाच. थांबा, त्याला सांगून येतो." आणि खरोखर गेले! वीस-पंचवीस सेकंद नुसती कोंबडी ऐकू येत होती. थेट प्रसारणावर येळ्ळूरची कोंबडी.

परत आले. मी "मामा, त्याचं असं झालं..." म्हणायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"काडीचं बोललास ते खरं हाय. पण ब्लेडनं न्हवं. ब्लेडला पैसे पडतात. विळीवर चिरायची, आणि बुडाकडनं चिरत जायची. गुलाकडनं चिरलास तर गुल पडतो. छापलायस काय ब्लेड म्हणून?"

"हो."

"मग चुकीचं छापलायस. पुस्तकाची किंमत किती?"

"एकशे ऐंशी."

"एक मला पाठवून दे. माझंच हाय त्यात. ठेवतो, शेजाऱ्याचं बिल वाढालंय."

पुढच्या चार फोनमध्ये एकानेही माझ्याबद्दल प्रश्न विचारला नाही. सगळ्यांना मामांबद्दलच विचारायचं होतं. एका बाईंनी तर चोथा वाळवून पुन्हा किती वेळा उकळता येतो, हे विचारलं.

मामा ८३ वर्षांचे आहेत. अजून त्यांना तोंड दाखवलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाची रेडिओवर अशी शोभा झाली असेल तर सांगा, तेवढाच धीर.

मांडेवाली

मी हे प्रत्यक्ष ऐकलंय! मेथी निवडत बसले होते. राग मानू नका, पण पहिली दहा मिनिटं मला वाटलं कुणीतरी बँकेचं परिपत्रक वाचून दाखवतंय. बंद करायला उठणार तेवढ्यात अभंगाच्या खालून 'कसलं काल्पनिक वो ताई' आलं आणि मी मेथी तशीच धरून उभी. आमच्या सासूबाई आतून ओरडल्या, "अगं वाढव, वाढव!"

तुम्ही काय छान बोलता हो! मग ते आत्मशोधाचं कशाला काढलंत?

काचेपलीकडचा

काही वर्षं नैमित्तिक निवेदक म्हणून काम केलंय, त्यामुळे हसू आणि घाम दोन्ही एकदम आलं.

एकच प्रश्न. गाणं लागल्यावर ते खोलीतल्या स्पीकरवर मोठ्याने वाजलं का?

शहापूरचा_जुना

नाही. खोली गप्पच होती. टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनातून किणकिण येत होती, डबीत माशी अडकल्यासारखी.

काचेपलीकडचा

तिथेच सगळं आलं. स्टुडिओत माइक उघडा असला की खोलीतला स्पीकर आपोआप गप्प होतो. नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरेल, माइकचा स्पीकरमधून बाहेर येईल आणि शिट्टी वाजेल. सगळे माइक बंद झाले की स्पीकर पुन्हा बोलायला लागतो. म्हणून आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: गाणं भिंतीवरून ऐकू आलं तर मोकळं बोला, फक्त हेडफोनात ऐकू आलं तर तोंड शिवून बसा.

लहान केंद्रावर निवेदकच समोरची पाटी चालवतो. प्रत्येक माइकला वेगळी सरकपट्टी, म्हणजे फेडर. तिने स्वतःचा फेडर खाली ओढला, पाहुण्याचा राहिला. तिचं पाण्याचं भांडं वाजलं तेही तुमच्याच माइकमधून गेलं असणार. लाल दिवा लागलेला असेलच. तुमच्या पाठीमागे होता का?

आणि मामांच्या फोनवरची कुईकुई म्हणजे तेच दुखणं, फक्त लांबून. तुमचा आवाज हवेतून शेजाऱ्याच्या रेडिओत, रेडिओतून मामांच्या फोनमध्ये, फोनमधून पुन्हा आमच्याकडे आणि पुन्हा हवेत. म्हणून प्रत्येक श्रोत्याला आधी रेडिओ बारीक करायला सांगावं लागतं. त्यावर निम्मे लोक म्हणतात, "मग मला ऐकू कसं येणार?" ॲपवरून ऐकणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. तिथे आवाज बराच मागून पोहोचतो, त्यामुळे आपण 'नमस्कार' म्हणून पुढचा प्रश्न विचारतो तेव्हा त्यांच्याकडे आपला 'नमस्कार' पोहोचत असतो.

थेट फोन घेणारी काही केंद्रं प्रसारण मुद्दाम काही सेकंद मागे ठेवतात. कुणी शिवी दिली तर बटण दाबून ती वगळता येते. तुमच्या बाबतीत बटण दाबायला कुणी हवं होतं, आणि जो होता त्याला तुम्ही टाटा करत होतात.

शहापूरचा_जुना

दिवा दाराच्या वर होता, बरोबर माझ्या पाठीमागे. ती श्रोत्यांचे मेसेज बघत होती. टाटाबद्दल आता पुन्हा कुणी बोलू नका.

मलप्रभा_कणकुंबी

माझी गोष्ट जुनी आहे, पण धीर देण्यालायक आहे.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला, मलप्रभा उगम पावते तिथे. सहावीत असताना आमच्या शाळेच्या मुलांना पलीकडच्या एका शहरात रेडिओच्या बालकार्यक्रमासाठी नेलं. मी 'माझी आजी' यावर बोलायचं होतं. आता तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे बायका, मुली सगळ्या 'मी जातो, मी येतो, मी जेवलो' असंच बोलतात. त्यात काही वेगळं आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मी सुरू केलं, "मी सकाळी उठतो आणि आजीबरोबर गोठ्यात जातो."

ताई थांबल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, तू मुलगी आहेस ना? मग 'उठते' म्हणायचं." बाकीची मुलं खिदळली. मी पुन्हा सुरू केलं, आणि एवढी धास्ती घेतली की दिसेल त्याला 'ते' लावत सुटले. "मी उठते. आजी उठते. आजोबा उठते. बैल पाणी पिते."

तसंच्या तसं प्रसारित झालं. गावात पंचायतीच्या रेडिओसमोर सगळे बसले होते. 'आजोबा उठते'ला जो हशा झाला तो मला आजही कानात ऐकू येतो. पुढे वर्षभर मला पाहिलं की पोरं म्हणायची, "बैल आलीऽऽ!"

आज मी पुण्यात आहे, चोवीस तास 'जाते-येते' करते. पण माहेरी एसटीतून उतरलं, आई दारात दिसली की तोंडातून आपसूक निघतं, "आई, मी आलो." ती माझी खरी व्याकरणशुद्ध मराठी. शहापूरकर, तुमचं अभंगाखालचं बोलणं वाचताना तेच वाटत होतं. तुम्ही 'आलो' म्हणालात, आणि त्याआधीची दहा मिनिटं 'आजोबा उठते' चालू होतं.

मांडेवाली

बैल पाणी पिते!! पोह्याचा घास घशात अडकला.

निपाणीचा_धूर

वयाने इथे बहुतेक मीच थोरला, म्हणून थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

निपाणीत आमच्या वखारीत मर्फीचा रेडिओ होता. तंबाखूची पोती आणि मध्ये तो, हळदकुंकू लावलेला. सकाळी सांगली, मीडियम वेव्हवर, १२५१ किलोहर्ट्झ. सांगली केंद्र १९६३ साली निघालं आणि आमच्या भागाला घरचं माणूस मिळाल्यासारखं झालं. त्याआधी पुणं लावायचं म्हणजे रात्र व्हायची वाट बघायची. मीडियम वेव्हच्या लहरी रात्री वरच्या थरावर आपटून लांबवर जातात, दिवसा जात नाहीत, हे मला शाळेत नव्हे तर वखारीत कळलं. सुई केसभर इकडची तिकडे झाली की धारवाड यायचं, आणि धारवाड आलं की वडील म्हणायचे, "राहू दे."

कारण धारवाडला गाणं असायचं. मल्लिकार्जुन मन्सूर तिथे संगीत सल्लागार होते. द. रा. बेंद्रे त्याच केंद्रावर साहित्य सल्लागार. घरात मराठी बोलणारा माणूस, कन्नडातला एवढा मोठा कवी, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. माझ्या वडिलांना कन्नड हिशेबापुरतं यायचं, तरी बेंद्र्यांचा आवाज लागला की पोती मोजायची थांबवायचे. नुसता आवाज ऐकायला.

मुद्दा असा की त्या पिढीतली रेडिओवरची भाषणं आधी लिहून, तपासून घेतलेली असत. वाचायचं तेवढंच. तुमच्यासारखी फजिती व्हायला जागाच नव्हती. आणि तुमच्या अडीच मिनिटांसारखं काही ऐकायलाही मिळत नसे.

जाता जाता: पूर्वी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दर वर्षी पैसे भरून. तुमच्या मामांनी शेजाऱ्याचा रेडिओ ऐकायची सवय तेव्हाच लावून घेतली असणार. सेलचं कारण नंतरचं.

शहापूरचा_जुना

काका, ते लायसन्सचं शंभर टक्के खरं आहे. आजोळी रेडिओ नव्हताच. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून मामांची खाट असायची, डोक्याची बाजू भिंतीकडे.

शंकासुर

सगळे हसताहेत म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकतो.

माइक उघडा राहिला ही यंत्राची चूक. पण त्याआधी तुम्ही हजारो लोकांना सांगितलंत की पात्र काल्पनिक आहे, ती तुमची चूक. ८३ वर्षांच्या माणसाला, जो तुमचं पुस्तक विकत घेऊन वाचणार नाही हे माहीत असताना, तुम्ही गोष्टीत घातलंत. न विचारता. तो वाचणार नाही याचाच फायदा घेतलात. आता गल्लीतून मान खाली घालून जाताय ते माइकमुळे की यामुळे?

काचेपलीकडचा

हजारो नव्हे हो. असल्या लहान केंद्रांना मुळात शंभरेक वॅटपर्यंतचीच परवानगी असते, आवाज दहा-बारा किलोमीटर गेला तरी पुष्कळ. येळ्ळूर त्यात बसलं हे लेखकाचं नशीब.

बाकी शंकासुर यांचा प्रश्न रास्त आहे.

हुक्केरीकर

इथे कुणीच अजून 'अवांतर' लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटतं, म्हणून मी लिहितो.

अवांतर: आपण मराठीत विषय सोडून बोललो की वर 'अवांतर' असं लिहितो. कन्नडात 'अवांतर' म्हणजे उडालेला गोंधळ, झालेला घोटाळा. पावसाने वाताहत केली की कन्नड पेपरात 'मळेय अवांतर' असा मथळा येतो. तेव्हा शहापूरकरांनी अभंगाखाली जे केलं ते दोन्ही भाषांत अवांतरच.

आमच्या पट्ट्यात हे शब्द फार फसवतात. 'प्रपंच' मराठीत चूल-मूल, कन्नडात अख्खं जग. 'अवसर' कन्नडात घाई. कादंबरीला दोन्हीकडे कादंबरीच म्हणतात ते बरं आहे, पण 'उपन्यास' म्हणजे कन्नडात व्याख्यान. हिंदी शिकलेला माझा एक मित्र धारवाडात 'उपन्यास' असा फलक बघून आत गेला. त्याला वाटलं कादंबरीवाचन आहे. दीड तास भूजलपातळीवर व्याख्यान ऐकून आला. मध्ये उठता येईना, पहिल्या रांगेत बसला होता.

शहापूरचा_जुना

शंकासुर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस गप्प होतो. उत्तर द्यायला हवं.

माइकमुळे नाही. तुम्ही म्हणता त्यामुळेही पूर्ण नाही.

त्या कथेत एक गोष्ट मी घातलेली नाही. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. पुढे कॉलेजात जाईपर्यंतची माझी फी मामांनी भरली. येळ्ळूरच्या शिवारात त्यांचं दीड एकर भाताचं रान, त्यात बासमतीचा एक तुकडा. तो तांदूळ घरात कधी शिजला नाही, सगळा विकला जायचा. वह्या-पुस्तकं, बसचा पास, परीक्षेची फी. वडगावापर्यंत चालत जाऊन वाचवलेले पैसे कुणाच्या खिशात गेले ते मला माहीत आहे.

हे कथेत का नाही? पहिल्या खर्ड्यात होतं. मग वाटलं की शेवटी फी आली की गोष्ट पाकात पडल्यासारखी होते, वाचणारा डोळे पुसतो आणि काडी विसरतो. मला काडी हवी होती. म्हणून तो परिच्छेद काढला. कथा म्हणून मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं. भाचा म्हणून काय, ते रेडिओवर ऐकलंत.

शंकासुर

समजलं. मिठाचा खडा मागे घेत नाही, पण दुसरा टाकत नाही.

कथा म्हणून तुम्ही बरोबर आहात याबद्दल मला मात्र शंका आहे. (नावच तसं आहे.) तांदूळ विकून टाकणारा आणि स्वतः जाडाभरडा खाणारा माणूस काडीइतकाच वाचण्यासारखा आहे.

मलप्रभा_कणकुंबी

मामांकडे जाऊन या आधी. कथेचं नंतर बघू.

निपाणीचा_धूर

आणि जाताना कुंदा वगैरे नेऊ नका. उधळ्या म्हणतील.

शहापूरचा_जुना

काल जाऊन आलो. बसने गेलो, वडगावला चढलो, उगाच.

मामा ओट्यावर बसले होते. पुस्तक दिलं. त्यांनी आधी ते उलटं धरून शिवण तपासली, मग किंमत बघितली, मग चष्मा लावला. कथा कुठल्या पानावर आहे विचारलं. अनुक्रमणिकेत बघा म्हणालो तर म्हणाले, "तूच सांग, तेवढाच चष्मा कमी झिजंल." ५७ पान सांगितलं. मी समोर बसून राहिलो. त्या पाऊण तासात मामी दोनदा येऊन बघून गेल्या. चहा आला. चोथ्याचाच असावा, रंगावरून.

वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "कावळ्याचं चांगलं जमलंय." बस्स. रेडिओचं नाव काढलं नाही. मी म्हणालो, "मामा, चुकलं माझं." ते म्हणाले, "व्हय, ब्लेड." मग आत गेले, विळी आणली, काडेपेटी आणली, आणि ओट्यावर बसून एक काडी बुडाकडून विळीच्या पात्यावर टेकवली, अंगठ्याने जराशी दाबली, फिरवली नाही, ओढलीही नाही, नुसती पुढे सरकवली. गुलाजवळ आली तेव्हा थांबले, काडी उचलून दोन बोटांत धरून हलकेच उकलली. गुल मधोमध दुभंगला. दोन्ही अर्ध्या पेटवून दाखवल्या. एकीने मामींची चूल पेटली, दुसरीने देवाचा दिवा.

"आता तू."

पहिली काडी मधूनच मोडली. दुसरीचा गुल उडाला. तिसरी विळीवरून घसरून खाली शेणाच्या सारवणात पडली आणि ओली झाली.

"तीन," मामा म्हणाले.

केंद्रावरूनही फोन आला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा या म्हणताहेत, मामांना घेऊन. मी मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "जायचायायचा खर्च कोण देणार?" मी देतो म्हणालो तर म्हणाले, "मग फोनवरच बोलतो, शेजाऱ्याच्या."

मांडेवाली

आणि त्या तीन काड्या? भरून दिल्यात की नाही?

शहापूरचा_जुना

निघताना कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी पेटी आणून दिली. त्यांनी उघडली, तीन काड्या मोजून काढून घेतल्या आणि पेटी मला परत दिली.